गल्लीतल्या शिंतो देवळात जाताना : रीत, सुतक आणि हिवाळ्यातले सण

मांजराकाठ (लातूर) :

सर्वांना नमस्कार. मी औसा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून गावी थोडी कोरडवाहू जमीन आहे. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त टोकियोच्या एदोगावा भागात राहतात. येळवस (शेतात साजरी होणारी वेळा अमावस्या) झाली की आम्ही उभयता त्यांच्याकडे निघणार आहोत. व्हिसा ९० दिवसांचा मिळाला आहे, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून जवळजवळ मार्च संपेपर्यंतचा काळ तिथे जाईल.

मुलीच्या घरापासून पाच मिनिटांवर, दोन उंच इमारतींच्या बेचक्यात, जपानच्या परंपरागत शिंतो धर्माचे एक लहानसे देऊळ आहे. तिने फोनवरून दाखवले तेव्हा लाल रंगाची लाकडी कमान दिसली, आत एक जुने झाड आणि त्याला बांधलेला जाड दोर दिसला, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना गळ्यात लाल फडके बांधलेली दगडाची दोन कुत्री बसलेली दिसली. आमच्या मंडळींनी ‘हा तर खंडोबाच’ असे सांगून टाकले. मुलगी रोज त्या देवळावरून कामाला जाते, परंतु सात वर्षांत एकदाही आत गेलेली नाही, कारण तिथली रीत ठाऊक नाही आणि आपल्या हातून काही चुकले तर शेजारीपाजारी काय म्हणतील, ही तिची धास्ती आहे. मला मात्र ज्या गावी तीन महिने राहायचे त्या गावच्या देवाला न भेटता राहणे बरे वाटत नाही.

परक्या धर्माच्या माणसाने तिथे जावे का, आणि गेल्यास कसे वागावे? आमचे थोरले बंधू भाद्रपदात वारले. आपल्याकडचे सुतक फिटले असले तरी वर्षश्राद्धापर्यंत आम्ही सण करत नाही, आणि यंदाच्या येळवशीलाही पाहुणे न बोलावता, कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पाच पांडवांना (पाच दगडांना) नमस्कार करून परतणार आहोत. जपानमध्ये असे काही पाळतात का? शिवाय मी माळकरी आहे आणि तिथे प्रसाद म्हणून मद्य देतात असे ऐकले आहे. या तीन महिन्यांत त्या देवळाचे कोणते सण येतील, हेही कोणी सांगावे. पर्यटकांसाठीची माहिती भरपूर सापडते, पण ती सगळी मोठ्या देवस्थानांची असते. मला गल्लीतल्या देवळाचे हवे आहे.

बालाघाटी (धाराशिव) :

गुरुजी, मी प्रशिक्षणासाठी दीड वर्ष ओसाकाजवळ राहिलो आहे. धास्ती बाळगण्याचे काहीच कारण नाही. दानपेटीत नाणे टाकायचे, घंटेचा दोर हलवायचा, दोनदा कमरेतून वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडून मागायचे ते मागायचे, पुन्हा एकदा वाकायचे, की झाले. तिथे कोणी तुमचा धर्म विचारत नाही. माझ्या मते ती सगळी आपलीच दैवते आहेत. त्यांची बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, आणि त्या कमानीला ‘तोरी’ म्हणतात ते आपले तोरणच. तुळजापूरला जाता तसे जा आणि दर्शन घेऊन या.

गोदाकाठची लेक (मूळ नांदेड, सध्या नागोया) :

बालाघाटी यांनी क्रम बरोबर सांगितला आहे, पण त्यांचे शेवटचे वाक्य मला पटले नाही. आपल्याकडून आलेल्या माणसांची फसगत नेमकी तिथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नागोयात आले त्याला आता नऊ वर्षे झाली. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या देवळात गेले, तेव्हा दानपेटीपुढे वाकून, लाकडी जाळीला डोळे लावून आतली मूर्ती शोधत राहिले. माझ्यामागे एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझे ते डोकावणे संपेपर्यंत मान खाली घालून थांबल्या, आणि ते मला कोणी रागावण्यापेक्षा अधिक लागले. पुढे कळले की तिथे पाहण्यासारखे काही नसतेच. देवाचे वास्तव्य ज्या वस्तूत मानतात तिला ‘शिंताई’ म्हणतात. ती बहुधा आरसा किंवा तलवार अशी एखादी वस्तू असते, आतल्या गाभाऱ्यात झाकलेली असते आणि ती दाखवण्याची रीत नाही. नारा प्रांतातील ओमिवा या अतिप्राचीन देवस्थानात तर गाभाराच नाही, कारण मागचा मिवा डोंगर हाच देव आहे आणि माणसे डोंगराकडे तोंड करून नमस्कार करतात. त्यामुळे ‘दर्शन घेतले’ या आपल्या शब्दाला तिथे जागा नाही. ‘देवाला पाहिले’ असे कोणी म्हणत नाही. आपण आलो आहोत हे देवाला कळवायचे असते. टाळ्या आणि घंटा त्यासाठीच आहेत असे लोक सांगतात, आणि हात जोडल्यावर मनातल्या मनात आधी आपले नाव आणि राहण्याचा पत्ता सांगावा, मग काय ते मागावे, अशीही पद्धत आहे. गुरुजी, ‘कोणत्या गावचे पाहुणे?’ हा प्रश्न आपल्याकडे पारावर विचारतात, तो इथे देव विचारतो असे समजा.

तुम्ही पाहिलेली ती कुत्री नाहीत, कोल्हे आहेत. नीट पाहिलेत तर तोंडात भाताची लोंबी, किल्ली, गुंडाळी किंवा रत्न यांपैकी काहीतरी धरलेले दिसेल. याचा अर्थ ते ‘इनारी’चे देऊळ आहे. इनारी हे भातपिकाचे दैवत, पुढे व्यापारउदिमाचेही झाले, आणि जपानभर त्याची सुमारे ३० हजार देवळे सांगतात, त्यामुळे शहरातल्या गल्लीबोळांत ती हमखास भेटतात. मात्र कोल्हा हा देव नव्हे, तो निरोप्या आहे. खंडोबाच्या कुत्र्याला आपण खंडोबा म्हणत नाही, तसेच हे. आपल्या मंडळींचा अंदाज नावाने चुकला असला तरी भाव फारसा चुकलेला नाही, हे त्यांना अवश्य सांगा.

आता वागण्याविषयी. कमानीपाशी क्षणभर थांबून किंचित वाकावे आणि वाटेच्या मधोमध न चालता कडेने चालावे, कारण मधली वाट देवाची मानतात. नववर्षाच्या गर्दीत हे कोणालाच जमत नाही, तेव्हा त्याची चिंता नको. आत शिरताच पाण्याचे कुंड असते. ओगराळ्यासारखी लांब दांड्याची पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा, पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओतायचे आणि त्याने चूळ भरायची. पळीला ओठ लावायचा नाही. शेवटी डावा हात पुन्हा धुऊन पळी उभी धरायची, म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळून तीही धुतली जाते. हे सगळे एका पळीभर पाण्यात बसवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला ही काटकसर शिकवावी लागणार नाही. करोनानंतर अनेक ठिकाणी पळ्या काढून टाकल्या असून बांबूच्या नळीतून पाणी वाहते ठेवले आहे, तिथे नुसते हात धुतले तरी चालते. चपला काढायच्या नाहीत, ही सवय मोडायला मला वर्ष लागले. पैसे देऊन आत विधी करवून घेतला तरच पादत्राणे काढून वर जातात. नारळ, हार, उदबत्ती, कुंकू यांतले काहीही नेऊ नये. अंगणाचे छायाचित्र काढायला सहसा हरकत नसते, मात्र जाळीतून आतले काढू नये.

नाणे कोणतेही चालते, पण लोक ५ येनचे पसंत करतात. ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि उच्चाराने तोच शब्द ‘ऋणानुबंध’ या अर्थाचाही आहे. त्या भोकाच्या नाण्यावर भाताची लोंबी, पाण्याच्या रेषा आणि भोकाभोवती यंत्राचे दातेरी चक्र कोरलेले असते. आपल्यासारख्या शेतकऱ्याने एक नाणे आठवण म्हणून परत आणावे असे आहे.

सुतकाचा प्रश्न विचारलात ते फार बरे केलेत, कारण याविषयी पर्यटनाच्या माहितीत सहसा काही नसते. शिंतोमध्ये मृत्यूला अशुद्धी मानतात आणि घरातले जवळचे माणूस गेल्यावर साधारणपणे ५० दिवस कमानीखालून जात नाहीत. दूरच्या नात्याला हा काळ कमी असतो. भाद्रपदापासून मोजले तर तुमचे ५० दिवस केव्हाच उलटलेले असतील, म्हणून देवळात जायला आडकाठी नाही. वर्षभर सण न करण्याची तुमची रीतही इथे कोणाला नवी वाटणार नाही. ज्या घरात मृत्यू झाला असेल ते घर त्या वर्षी नववर्षाची शुभेच्छापत्रे पाठवत नाही, आणि ‘आम्ही दुखवट्यात आहोत’ असे कळवणारे कार्ड डिसेंबरपूर्वीच धाडते. तुमच्या मुलीने शेजाऱ्यांना एवढे सांगितले तर ते पुढचे सगळे न सांगता समजून घेतील. अशुद्धीचे हे बंधन बौद्ध मंदिरांना लागू नाही. इथली बहुतेक अंत्यकर्मे बौद्ध पद्धतीनेच होतात.

मद्याचेही खरे आहे. त्याला ‘ओमिकी’ म्हणतात, तांदळाचेच असते, आणि नववर्षाला पसरट बशीत घोटभर देतात. हात जोडून, मान हलवून नको म्हटले तर कोणी आग्रह करत नाही, कारण गाडी चालवणारे लोकही नाकारतातच. ‘आमाझाके’ नावाचे गोड, गरम, आंबिलीसारखे दाट पेयही वाटतात. ते तांदळाच्या कोजीपासून (बुरशीने आंबवलेल्या तांदळापासून) केलेले असेल तर त्यात मद्य नसते, मद्याच्या चोथ्यापासून केलेले असेल तर थोडे असते. म्हणून मुलीला आधी विचारायला सांगा. तुम्ही माळकरी असल्यामुळे आणखी एक सांगते, देवळाबाहेरच्या गाड्यांवरच्या बहुतेक खाद्यपदार्थांत किंवा त्यांच्या रश्श्यात मासळी असते.

तुमच्या तीन महिन्यांतले सण असे येतील. नववर्षाचे पहिले देवदर्शन (पाहा, माझ्याही लेखणीतून दर्शन सुटत नाही) म्हणजे ‘हात्सुमोदे’. टोकियोच्या मेइजी देवस्थानात पहिल्या तीन दिवसांत सुमारे ३० लाख माणसे येतात, तिकडे आई-वडिलांना थंडीत रांगेत उभे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गल्लीतल्या देवळात १ जानेवारीच्या सकाळी दहा-वीस माणसे असतील, शेकोटी असेल आणि शेजारी पहिल्यांदा तुमच्याशी बोलतील. जानेवारीच्या मध्यास, साधारण १५ तारखेला, दारावरचे गवती दोर, पाइनच्या डहाळ्या आणि गेल्या वर्षीचे ताईत एकत्र जाळतात आणि त्या विस्तवावर तांदळाचे गोळे भाजून खातात. त्याला ‘दोंदोयाकी’ म्हणतात. दाट वस्तीतल्या देवळांत आगीच्या भीतीने हे बहुधा बंद झाले आहे, तिथे जुने ताईत ठेवायला पेटी मात्र असते.

त्यानंतर ‘सेत्सुबुन’, म्हणजे पंचांगातल्या वसंतारंभाची आदली संध्याकाळ. भाजलेले सोयाबीन ‘ओनि वा सोतो, फुकु वा उचि’ म्हणजे ‘राक्षस बाहेर, भाग्य घरात’ असे ओरडत फेकतात आणि आपल्या वयाइतके दाणे मोजून खातात. तुम्हाला बरेच खावे लागतील, दातांचा विचार करून खा. हा सण बहुधा ३ फेब्रुवारीला येतो, पण २०२१ मध्ये तो २ फेब्रुवारीला आला, आणि तसे १८९७ नंतर प्रथमच, म्हणजे १२४ वर्षांनी घडले. आपली संक्रांत कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते, तसाच हाही सूर्याच्या गतीचा हिशेब आहे.

तुमच्या देवळाचा खरा दिवस मात्र वेगळा आहे. फेब्रुवारीतला पहिला ‘घोड्याचा दिवस’ म्हणजे ‘हात्सुउमा’. जपानी पंचांगात बारा प्राण्यांचे दिवस फिरत असतात, त्यामुळे तारीख दरवर्षी बदलते. क्योतोतल्या फुशिमी इनारीची स्थापना इ. स. ७११ मध्ये याच दिवशी झाली असे परंपरा सांगते, म्हणून बहुतेक इनारी देवळांत त्या दिवशी उत्सव असतो. लाल-पांढरी निशाणे लागतात, आणि कोल्ह्याला आवडते म्हणून तळलेले तोफू ठेवतात. जुन्या शेतकऱ्यांची समजूत अशी की वसंतात देव डोंगरावरून उतरून शेतात येतो, पीक निघेपर्यंत राखण करतो आणि शरदात परत डोंगरावर जातो. टोकियोत आता शेत कुठले आणि डोंगर कुठला, तरी निशाणे लागतात.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर) :

दैवतांविषयी एक दुरुस्ती. बेन्झाइतेन हे सरस्वतीचे रूप आहे हे निर्विवाद आहे, परंतु ती जपानमध्ये बौद्ध धर्माबरोबर, चीन आणि कोरियाच्या वाटेने गेली. शिंतोचे मूळ दैवत ती नव्हे. शिंतो आणि बौद्ध देव हजारभर वर्षे एकाच आवारात नांदले. मेइजी सम्राटाच्या सरकारने १८६८ मध्ये त्यांची सक्तीने ताटातूट केली आणि त्या धामधुमीत अनेक मूर्ती व ग्रंथ नष्ट झाले. म्हणून आज एखाद्या शिंतो देवळात बेन्झाइतेन दिसली तर ती त्या ताटातुटीतून उरलेली किंवा पुन्हा परतलेली आहे असे समजावे. ‘तोरी’ आणि ‘तोरण’ यांच्या नात्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा केवळ शब्द सारखा वाटला म्हणून ‘आपलेच’ म्हणण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

गल्लीतले देऊळ टिकते कसे, हेही गुरुजींनी तिथे पाहावे. देशात सुमारे ८० हजार शिंतो देवळे आणि त्यामानाने सुमारे २० हजारच पुजारी आहेत. अर्थात एका पुजाऱ्याकडे अनेक देवळे असतात आणि झाडलोट, निशाणे, वर्गणी हे सारे त्या वस्तीतले लोक पाहतात. त्या लोकांना ‘उजिको’ म्हणतात, शब्दशः पाहिले तर कुळाची लेकरे. १९०६ नंतर सरकारने ‘एका गावाला एक देऊळ पुरे’ असे धोरण घेऊन काही वर्षांत सुमारे ७० हजार देवळे मोडीत काढली किंवा दुसऱ्यांत विलीन केली. मिनाकाता कुमागुसु या निसर्गअभ्यासकाने त्याविरुद्ध आवाज उठवला, कारण देऊळ गेले की त्याभोवतीची राखलेली झाडी तोडून विकली जात असे. आपल्याकडच्या देवरायांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गुरुजींनी पाहिलेल्या झाडाचा तो जाड दोर ‘शिमेनावा’ होय. भाताच्या पेंढ्याचा वळलेला असतो आणि इथे देवाचा वास आहे एवढीच खूण तो करतो.

एक गोष्ट तुमच्या मुक्कामात बसणार नाही, तरी लिहितो. उन्हाळ्यातले बरेच मोठे उत्सव रोगराई घालवण्यासाठी सुरू झालेले आहेत. क्योतोच्या गिओन उत्सवाचे मूळ इ. स. ८६९ मधल्या साथीत सांगतात. ३० जूनला देवळांत गवताचे माणसापेक्षा उंच कडे उभारतात आणि अर्ध्या वर्षाचे किल्मिष जावे म्हणून त्यातून तीन वेळा जातात, पहिल्यांदा डावीकडून, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून वळसा घेत. आपल्या गावांतून आषाढात मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडतात, तेव्हा मनातली भीती काही वेगळी नसते. इथे मी ‘आपलेच’ म्हणत नाही, इतकेच म्हणतो की पावसाळ्याच्या तोंडाला पाणी नासते, तिकडेही आणि इकडेही.

बालाघाटी (धाराशिव) :

तोरणाचे विधान मागे घेतो. दीड वर्षात मी कधी जाळीतून आत काय आहे हे पाहिलेही नव्हते आणि ते नसते हेही मला माहीत नव्हते. ताई, आमच्याकडे ओसाकाजवळ सेत्सुबुनला भाताची एक लांब, न कापलेली गुंडाळी खात असत, ठरलेल्या दिशेला तोंड करून आणि खाऊन होईपर्यंत अवाक्षर न बोलता. आमच्या विभागप्रमुखांनाही त्या दिवशी गप्प बसलेले पाहिले, तो खरा चमत्कार.

मांजराकाठ (लातूर) :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला हे वाचून दाखवले. शेजारच्या आजींना दुखवट्याविषयी आधीच सांगते, असे ती म्हणाली. कोल्ह्याचे ऐकून आमची मंडळी थोडी खट्टू झाली होती, परंतु तो देव शेतात येऊन राखण करतो हे वाचल्यावर ‘मग त्याला आपल्या रानातले काही न्यायला हवे’ असे ती धरून बसली आहे. येळवशीच्या दिवशी आम्ही कडब्याच्या कोपीत जे पाच दगड मांडतो त्यांनाही तोंड-डोळे काही नसतात आणि आजवर आम्हाला त्याची उणीव भासलेली नाही, त्यामुळे जाळीतून डोकावण्याचा मोह आम्हाला होणार नाही. तेवढे एकच विचारतो. ज्वारीची चार कणसे, एक नारळ आणि ओंजळभर हरभरा सामानात आणला तर चालेल का? नारळ देवळात नेणार नाही, मुलीच्या घरी फोडू.

गोदाकाठची लेक (मूळ नांदेड, सध्या नागोया) :

गुरुजी, कृपया आणू नका. जपानमध्ये धान्य, बियाणे, फळे, कणसे अशा वनस्पतिजन्य वस्तू आणायच्या असल्यास आपल्याकडच्या सरकारी तपासणीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नसेल तर विमानतळावर काढून घेतात, शिवाय कारवाई होऊ शकते. माझ्या सासूबाईंची हळकुंडे अशीच गेली आणि त्या संपूर्ण प्रवासाचे वर्णन त्या आजही त्या हळकुंडांपासून सुरू करतात. मुलीच्या घराजवळच्या दुकानात तांदूळ मिळेल. देवळात परस्पर ठेवू मात्र नका, आधी तिथल्या माणसाला विचारा, कारण उघड्यावर ठेवलेले अन्न कावळे विखरून टाकतात म्हणून अनेक ठिकाणी मनाई असते. हात्सुउमाच्या दिवशी सकाळी कोणीतरी तिथे नक्की असेल.

मांजराकाठ (लातूर) :

समजले. कणसे घरीच राहतील. हात्सुउमाची तारीख मुलीला पाहून ठेवायला सांगितली आहे.